मान्यता यायची आहे

देवास, ६ जानेवारी १९८८

जयवंती भोपाळहून परत आली. मुलाखत झालीच नाही.

सरकारी कंपनीत प्रोग्रॅमर हवे होते, शेवटच्या वर्षाची मुलंसुद्धा चालणार होती. आमच्या संगणक विभागाची पहिलीच तुकडी यंदा पदवीधर होणार, आणि त्यात जयवंती सगळ्यांत हुशार. मावशीची साडी नेसून, अण्णांना, म्हणजे वडिलांना सोबत घेऊन, पहाटेच्या बसने गेली होती. टेबलाशी बसलेल्या माणसाने कॉलेजचं नाव वाचलं आणि म्हणाला, "बेटा, इस डिग्री की मान्यता नहीं है. अगली बार देखना."

हे तिने स्टाफरूममध्ये उभ्या उभ्याच सांगितलं. रडली नाही. मग म्हणाली, "मॅडम, आपल्याला मान्यता आहे ना?"

"येते आहे," मी म्हटलं.

अडीच वर्षं मी हेच सांगते आहे. अण्णा कराडकडचे. इथे कारखाने निघाले तेव्हा आले आणि इथलेच झाले. पोरीला साधं बी.एससी. करू द्या म्हणत होते. मीच त्यांच्या घरी जाऊन त्यांचं मन वळवलं. तेव्हाही म्हटलं होतं, मान्यता येते आहे.

११ जानेवारी

जयसिंगरावांना भेटले. संस्थेचे अध्यक्ष. त्यांचे आजोबा दरबारात मानकरी होते, ते बोलण्यात अजून जाणवतं. पण माणूस वाईट नाही. देवासच्या मुलांना प्रत्येक गोष्टीसाठी इंदूर गाठायला लागू नये, हे त्यांच्या डोक्यात खरंच पक्कं बसलेलं आहे.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. विद्यापीठाने आपल्याला फक्त तात्पुरती परवानगी दिली आहे. मान्यता देणाऱ्या दिल्लीच्या परिषदेची समिती मार्चअखेर पाहणीला येईल. तिने हो म्हटलं तर पदवी देशभर चालेल. नाही म्हटलं तर विद्यापीठही हात वर करील आणि मुलांची तीन वर्षं पाण्यात.

"त्यांना काय काय लागतं?" मी विचारलं.

"पुरेशी यंत्रं. ग्रंथालय. आणि संगणकात पदवी घेतलेले अध्यापक."

यंत्रं दोन. त्यातलं एक बंदच असतं. आणि विभागप्रमुख मी. गणितात एम.एससी., आणि संगणकाचं म्हणाल तर इंदूरला उन्हाळ्याच्या सुट्टीत केलेला एक वर्ग. तेव्हा कॉलेजात दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून मला प्रमुख केलं. मला तो मान वाटला होता.

"ताई, तुम्ही शिकवण्याकडे बघा," जयसिंगराव म्हणाले. "बाकीचं मी बघतो."

हे ऐकून धीर यायला हवा होता.

१९ जानेवारी

यंत्रावर एकेकाची पाळी फार उशिरा येते, म्हणून मी मुलांना प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायला लावते. मग एकेका ओळीवर बोट ठेवून, बाजूला आकडे मांडत, तो मनातल्या मनात चालवून बघायचा. चूक सापडली की पुन्हा पहिल्यापासून. आज मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, अपना कंप्यूटर तो ये उंगली है भिया." सगळा वर्ग हसला. मीही हसले. घरी येताना मात्र वाटलं, हेच वाक्य कोणी समितीसमोर बोललं तर?

२ फेब्रुवारी

दिवसभर वीज नाही. कॉलनीत टँकरही आला नाही. अक्का (सासूबाई) म्हणाल्या, "तुझ्या यंत्रांना थंड हवेची खोली, आणि आम्हांला आंघोळीला तांब्याभर पाणी नाही." टोमणा होता की विनोद, कळलं नाही. हल्ली मला कोणाचंच काही कळेनासं झालं आहे.

१२ फेब्रुवारी

जयसिंगरावांनी बोलावलं. सोबत प्राचार्य उमाशंकरजी. दार लावून घेतलं.

आमचे हे, शरद, ज्या कारखान्यात विद्युत विभागात आहेत, तिथल्या हिशेबाच्या ऑफिसात नवी यंत्रं आली आहेत. ती पाहणीपुरती आपल्या प्रयोगशाळेत आणायची. इंदूरचे दोन अध्यापक त्या दिवशी आपले म्हणून बसतील.

"दोन दिवसांचा तर प्रश्न," जयसिंगराव म्हणाले. "लग्नात शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणतोच ना आपण? मान्यता आली की पुढच्या वर्षी आपलीच घेऊ. देवीची शपथ."

उमाशंकरजी म्हणाले, "मॅडम, टेंशन मत लो. सब जगह ऐसा ही होता है. बच्चों का सोचो."

मी मुलांचाच विचार करत होते. म्हणून नाही म्हणता आलं नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी शरदना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बघतो."

एवढंच. माझ्या नोकरीचा ताप आता त्यांच्या नोकरीपर्यंत गेला. त्यांना आवडलेलं नाही, स्पष्ट दिसत होतं. मी आणखी काही बोलायला गेले तर विषयच बदलला. तुमच्या प्रयोगशाळेतलं वायरिंग कोणी केलं आहे, ते बंद यंत्र नेमकं काय करतं, दिवा लागतो का, आवाज येतो का. अशा वेळी माणसाला वायरिंग सुचतं!

२२ फेब्रुवारी

काल रविवार असूनही शरद जेवून हत्यारांची पिशवी घेऊन निघून गेले. "मित्राकडे काम आहे," म्हणाले. दिवेलागणीला परत आले ते शर्टभर धूळ घेऊन. घरात एक नळ महिनाभर गळतो आहे, त्याला वेळ नाही. मित्राला वेळ आहे. मी बोलले नाही, पण भांडी जरा जोरात घासली.

आज कॉलेजात मात्र आनंदाची गोष्ट. बंद पडलेलं यंत्र सुरू झालं! शिपाई म्हणाला, रविवारी कोणी मिस्तरी येऊन गेला. जयसिंगरावांनी पाठवला असणार. शेवटी त्यांनाच काळजी.

१० मार्च, धार

रंगपंचमीच्या सुट्टीला माहेरी आले. माईने दारातच विचारलं, "डोळ्यांखाली हे काय गं? झोपतेस की नाही?"

तात्या संस्थानच्या काळात शिक्षणखात्यात होते. समितीचं ऐकून त्यांना जुनं आठवलं. "दिपोटीसाहेब शाळेच्या तपासणीस येत, तेव्हा आठवडाभर आधी भिंती सारवल्या जात. एकदा बाग गावच्या शाळेत एका मुलास धडा वाचावयास सांगितला. पोराने घडाघडा म्हटला. साहेब खूश. जवळ जाऊन बघतात तो पुस्तक उलटं!"

माई हसली. मला हसू येईना.

"तुझी मुलं शिकली आहेत का?" तात्यांनी विचारलं.

"शिकली आहेत."

"मग भय कसलं?"

"तात्या, समिती मुलांना बघायला येत नाही. भिंतींना बघायला येते."

 तात्या म्हणाले, "त्या मुलास पुढे मीच वाचावयास शिकवलं. दिपोटी निघून गेल्यावर." आणि उठून आत गेले. यातून मी काय घ्यायचं होतं?

२४ मार्च

यंत्रं आली. कारखान्याच्या गाडीतून, घोंगड्यांत गुंडाळून. शरद स्वतः सोबत होते. मुलांनी एकेक उचलून आत नेलं. "बरात तो आ गई, दूल्हा किधर है?" कोणीतरी म्हणालं, पण कोणी हसलं नाही. जयवंती ओल्या फडक्याने यंत्रांचे पडदे पुसत होती. तिने मला एकदाही काही विचारलं नाही. तिला काय वाटत असेल ते मला माहीत आहे.

शरदनी सगळ्या जोडण्या केल्या. मी हळूच विचारलं, "तुमच्या साहेबांची परवानगी आहे ना?"

"सांगितलंय त्यांना."

"लेखी?"

"अहो मॅडम, वायर पकडा जरा," ते म्हणाले.

मुलांसमोर मला मॅडम म्हणाले. चिडून.

२५ मार्च, सकाळी

निघण्यापूर्वी चार ओळी लिहिते.

मी चहा ओतत होते. शरद बुटांना पॉलिश करत होते. वर न बघता म्हणाले, "त्यांनी काही विचारलं तर जे आहे ते सांग. माझं मी बघून घेईन."

म्हणजे तुझं तू बघ. बरोबरच आहे. त्यांनी तरी किती ओढून घ्यायचं अंगावर? पण आजच्या दिवशी तरी असं तोडून बोलायला नको होतं. फार एकटं वाटतं आहे.

२५ मार्च, संध्याकाळी

जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

समितीत तिघं. प्रमुख डॉ. सुभद्रा राव. केस पांढरे, साडी साधी सुती. प्रयोगशाळेच्या दाराशी कोणी न सांगता चपला काढल्या. ग्रंथालय पाहिलं, इंदूरच्या दोघांशी बोलल्या. यंत्रांची रांग बघून बाकीचे दोघे खूश दिसले. जयसिंगराव मागे हात बांधून उभे, चेहऱ्यावर तेज.

मग बाई जयवंतीच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. "बेटा, तुम्हारा कोई प्रोग्रॅम दिखाओ. जो तुम्हें सबसे अच्छा लगता हो."

जयवंतीचं आवडतं काम आमच्या जुन्या यंत्राच्या फ्लॉपीवर. हे नवं यंत्र तिने कालच पहिल्यांदा पाहिलेलं. तिची बोटं कळफलकावर गेली आणि तिथेच थांबली. ती शोधत राहिली. कानशिलं लाल झाली. तिने एकदा जरी माझ्याकडे पाहिलं असतं तरी बाईंना सगळं कळलं असतं. तिने मान वर केली नाही. मला वाचवत होती की माझा राग आला होता, देव जाणे.

बाई माझ्याकडे वळल्या. "आठवड्यात एका विद्यार्थ्याला यंत्रावर किती वेळ मिळतो?"

आम्ही कळवलं होतं, चार तास. तोंडपाठ होतं मला. जयसिंगराव माझ्याकडे बघत होते. शरदची नोकरी डोळ्यांपुढे आली. ही मुलगी भोपाळच्या त्या टेबलासमोर उभी होती तेही आलं. आणि मी जे बोलले ते ठरवून बोलले नाही.

"अर्धा तास. वीज असली तर."

बाकीचे दोघे यंत्रांच्या रांगेकडे वळून बघू लागले. 

"यातली दोनच यंत्रं आमची आहेत," मी म्हटलं. "आणि हे दोन सर आमचे नाहीत."

जयसिंगरावांचा चेहरा मला बघवला नाही. बाई रागावल्या नाहीत. "जी यंत्रं तुमची नाहीत ती बंद करा," एवढंच म्हणाल्या. मग खडू घेऊन फळ्यावर एक गणित लिहिलं आणि मुलांना म्हणाल्या, याचा प्रोग्रॅम कागदावर लिहा. स्वतः बाकांमधून फिरू लागल्या. मुलं ओळींवर बोट ठेवून पुटपुटत होती, बाजूला आकडे मांडत होती. बाई एकाच्या खांद्यावरून वाकून बघत, मग दुसऱ्याच्या. बराच वेळ. जेवण गार झालं. बाकीचे दोघे घड्याळाकडे बघत होते.

निघताना मला विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही कुठे शिकलात हे?"

सांगितलं. उन्हाळी वर्ग, आणि मग पुस्तकावरून. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

घरी येऊन शरदना सांगितलं, मी बोलून बसले. ते म्हणाले, "बरं." आणि गळका नळ दुरुस्त करायला घेतला.

२६ मार्च

जयसिंगराव ओरडले असते तर सोपं गेलं असतं. "ताई," ते म्हणाले, "दहा वर्षं मी या कॉलेजासाठी लोकांच्या दारात उभा राहिलो. तुम्ही एका वाक्यात संपवलंत." त्यांचे डोळे भरले होते.  

मुलं फाटकाशी घोळक्याने उभी होती. मी जवळून गेले तशी एकदम गप्प झाली. बरोबरच आहे. परत जाताना बघते तर उन्हात लावलेली माझी लूना कोणीतरी लिंबाखाली सावलीत आणून ठेवलेली, सीटवर ओलं फडकं. चौकीदाराला एवढी दया कशी आली कोण जाणे.

४ एप्रिल

शरदना या महिन्यापासून रात्रपाळी. सलग. "बदल म्हणून बरं," म्हणाले. विद्युत विभागात एवढ्या जुन्या माणसाला रात्रपाळी कधी दिलेली ऐकली नव्हती. मी म्हटलं, साहेबांना सांगून बघा. तर म्हणाले, "दिवसा घरात छान वारा येतो." ह्यांना वाऱ्याचं कौतुक!

१७ एप्रिल

काही नाही. निर्णयाचा पत्ता नाही. पोस्टमन दिसला की दारापर्यंत जाते. वर्गात शिकवताना मध्येच वाक्य विसरते. मुलं मी आठवेपर्यंत थांबतात.

९ मे

निर्णय आला. कॉलेजला मान्यता नाही. नवे प्रवेश बंद.

पण पुढे आणखी लिहिलं आहे. मुलांची तयारी चांगली आहे, त्यांचं नुकसान होऊ नये. सगळ्यांना इंदूरच्या मान्यताप्राप्त सरकारी संस्थेत सामावून घ्यावं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी तिथे आणखी एक सत्र यंत्रावरचं काम पूर्ण करावं, मग पदवी त्या संस्थेची मिळेल.

उमाशंकरजींनी दोनदा वाचून दाखवलं. एक वाक्य त्यांनी भराभर वाचलं, तरी मी ऐकलं. विभागप्रमुखांकडे संगणक विषयातील पात्रता नाही.

मुलं वाचली. मी नापास झाले. दोन्ही एकाच कागदावर.

११ मे

पालकांना बोलावलं होतं. एक जण टेबलावर हात आपटून म्हणाले, "हमने आपके भरोसे बच्चा दिया था!" मी ऐकून घेतलं. सगळे गेल्यावर अण्णा मागे राहिले. टोपी हातात.

"बाई, तुम्ही आमच्या घरी बसून, चहा पिऊन सांगितलं होतं."

"हो, अण्णा."

"पोरीचं वय वाढतं. तिच्या आईला मी काय सांगू? आता आणखी सहा महिने, आणि रोज इंदूर."

मी मान खाली घातली.

मग अण्णा म्हणाले, "भोपाळला त्या माणसाने आमच्याकडं बघितलं पण नाही. कागद बघितला नि सरकवला. आता ती परत तिथं गेली तर कोणी सरकवणार नाही ना?"

"नाही सरकवणार."

"हे पण तसंच सांगताय, की खरं?"

"खरं आहे, अण्णा. लेखी आहे."

त्यांनी टोपी घातली. "मग जाऊ द्या तिला. बस तर बस." दाराशी थांबून म्हणाले, "ती म्हणत होती, मॅडमना कुणी काही बोलू नका. मी बोललो. मनात ठेवू नका."

असं ती म्हणाली असेल? अण्णा माझ्या समाधानासाठी बोलले असतील.

२० जून

विभागाला कुलूप. जयसिंगरावांनी मला परत गणिताकडे घेतलं. नोकरीवरून काढलं नाही, हे त्यांचं मोठेपण. आज जिन्यात भेटले. नमस्कार केला, थांबले नाहीत. दोन पायऱ्या उतरून मग वळले. "ताई, पुन्हा अर्ज करीन म्हणतो. दोन-तीन वर्षांनी. या वेळी यंत्रं आपली. पात्र माणूस कुठून आणायचा तेवढं सांगा."

ते मला सुनावत होते, असं वाटलं. वाटेवर एकदा लूना थांबवून रडून घेतलं.

२३ जून

दुपारी शरद झोपून उठले आणि चहा घेता घेता म्हणाले, "इंदूरच्या त्या संस्थेत संध्याकाळचे वर्ग आहेत. नोकरी करणाऱ्यांसाठी. दोन वर्षांत पदविका. तू कर."

"मी? छत्तिसाव्या वर्षी? आणि परत यायला नऊ वाजतील."

"बस अड्ड्यावर मी येईन. तिथूनच कामावर जाईन. रात्रपाळी आहेच, बरंच झालं."

"आणि स्वयंपाक?"

अक्का आतून म्हणाल्या, "मी काय मेले आहे?"

मला वाटलं रागावल्या. आत जाऊन बघते तर त्या डाळ निवडत हसत होत्या.

शरद केव्हा चौकशी करून आले? इंदूरला काय काम होतं त्यांचं? विचारलं तर म्हणाले, "असंच गेलो होतो." या माणसाचं मला कधी काही समजणार नाही.

१८ जुलै

आज पहिला दिवस. बसमध्ये तीनदा वाटलं, परत फिरावं. शिप्रेच्या पुलावरही वाटलं. देवासला लोक काय म्हणतील? मास्तरीण आता शाळेत जाते.

संस्थेत पोचले. खोली शोधून दार ढकललं. आत प्रत्येक बाकावर एक यंत्र. आणि समोर बसलेली सगळी तोंडं ओळखीची. शेवटच्या वर्षाच्या मुलांचं यंत्रावरचं काम त्याच वेळी, त्याच खोलीत लावलेलं. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मला बघताच सगळा वर्ग ताडकन उभा राहिला.

शिकवणारे सर अगदी तरुण, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. ते गोंधळले. पाहुण्या प्राध्यापक समजून स्वतःची खुर्ची पुढे करू लागले. "आइए मॅडम, बैठिए."

"नहीं सर," मी म्हटलं. "मैं स्टूडंट हूँ."

कोणी हसलं नाही.  कुठे बसू? मागे बसावं तर सगळ्यांच्या मधून जायला हवं. पुढे बसावं तर पाठीवर सगळ्यांचे डोळे. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची जयवंती सरकली आणि मोकळ्या जागेवर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, इकडे. मी धरून ठेवली होती."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून?

बसले. सरांनी हजेरी सुरू केली. तेरा वर्षं मी नावं घेतली, मान वर न करता, रोज. ऐकणाऱ्याला आपलं नाव यायची एवढी धास्ती वाटते हे माहीतच नव्हतं. एकेक नाव पुढे सरकत होतं. जयवंतीने 'यस सर' म्हटलं. 

"विनोदिनी तारे."

 सरांनी पुन्हा नाव घेतलं आणि वर बघितलं.  जयवंतीने मला कोपर मारलं.

"यस सर," मी म्हटलं.